चोर आला आणि कुलपं लागली

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिका घेऊन खेळायचा खेळ १९७४ साली निघाला, तेव्हा त्यात क्लास, म्हणजे पात्राचे पेशे, तीनच होते: फायटिंग-मॅन, मॅजिक-यूझर, क्लेरिक. भिंत कोण चढणार, दबक्या पावलांनी पुढे कोण जाणार? कोणीही. कसं करतो ते खेळाडूने सांगायचं, जमलं की नाही ते रेफरीने ठरवायचं. पुढच्याच वर्षी ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत चोराचा क्लास आला. कुलूप उघडणं, सापळे शोधणं, लपणं ही त्याची कामं ठरली, आणि त्या दिवसापासून ती बाकीच्यांची राहिली नाहीत.

१९७८च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मधला तक्ता पाहा. पहिल्या लेव्हलच्या चोराची मूळ शक्यता: सापळा सापडण्याची २० टक्के, आवाज न करता चालण्याची १५, सावलीत लपण्याची १०. भिंत चढण्याची तेवढी ८५. ज्याचा हा धंदाच आहे तो लपायला गेला तर दहात नऊ वेळा दिसतो. मग चिलखत घातलेल्या फायटरने प्रयत्न तरी कशाला करावा? नवा खास क्लास तोलताना आपण त्याला काय मिळालं ते मोजतो. ज्यांनी तो घेतला नाही त्यांच्याकडून काय गेलं, ते मोजायचं राहतं.

*

त्याच हँडबुकात पॅलाडिन या खास क्लाससाठी करिश्मा हा गुण किमान १७ लागायचा. साध्या तीन फाशांवर १७ किंवा १८ पडण्याची शक्यता २१६ मध्ये ४. खास क्लास दुर्मीळ ठेवला की समतोल राहील, असा हिशेब. पण ज्याला ते आकडे पडले त्याचा पॅलाडिन दर बैठकीला हजर असतो. शेजारी बसलेल्या फायटरला तो दुर्मीळ आहे याचं समाधान किती पुरणार?

*

२०००च्या तिसऱ्या आवृत्तीत प्रेस्टीज क्लास आले: आधी साध्या क्लासमध्ये काही लेव्हल काढा, अटी पुऱ्या करा, मग आत या. ते छापले होते डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्या रेफरीच्या, पुस्तकात, खेळाडूंच्या नव्हे, आणि वापरायचे की नाही हेही डीएमच्या मर्जीवर. असॅसिनसाठी कौशल्यांचे आकडे लागायचेच, पण एक अट वेगळी होती: मारेकऱ्यांत सामील होण्यापलीकडे दुसरं कुठलंही कारण नसताना एक माणूस मारून दाखवायचा. त्या पुस्तकातली माझी सगळ्यात आवडती अट. ती कागदावर पुरी होत नाही, टेबलावर खेळूनच करावी लागते, आणि बाकीच्या खेळाडूंना ती बघावी लागते.

ड्वार्व्हन डिफेंडरच्या अटी मात्र बेरजेच्या. डॉज, एन्ड्युरन्स, टफनेस असे फीट, म्हणजे निवडून घ्यायची खास कसबं, गोळा करायचे. त्यातले दोन एरवी कोणी हौसेने घेणार नाही. अशा अटींमुळे लोक पहिल्या लेव्हललाच दहाव्या लेव्हलचा आराखडा मांडून बसायला लागले. आधी पत्रिका, मग जन्म. २००३पासून ‘कम्प्लीट वॉरियर’ आणि त्याची भावंडं निघाली, तेव्हा हे क्लास सर्रास खेळाडूंच्या हातात गेले आणि डीएमच्या मर्जीचं कलम कोणी वाचेनासं झालं.

*

साडेतीन आवृत्तीतला सॉर्सरर: पहिल्या लेव्हलला एक पाळीव प्राणी, पुढे विसाव्या लेव्हलपर्यंत मंत्रांखेरीज काही नाही. मंत्रांची वाढ चालू ठेवणारा कुठलाही प्रेस्टीज क्लास घेतला तरी त्याचं जवळपास काही जात नव्हतं, म्हणून सगळे घ्यायचे. ड्रुइडचं प्राणिरूप आणि सोबतचा प्राणी दोन्ही लेव्हलबरोबर वाढायचे, त्यामुळे तो आपला क्लास सहसा सोडत नसे. साध्या क्लासमधून लोक पळत असतील, तर खास क्लास जास्त ताकदवान असं आधी म्हणू नये. साधा आतून पोकळ आहे का, ते बघावं.

*

आणखी एक प्रेस्टीज क्लास, मिस्टिक थिअर्ज. विझर्डच्या तीन लेव्हल, क्लेरिकच्या तीन, मग हा. सातव्या लेव्हलला दोन्हीकडचे मंत्र, पण दोन्हीकडे दुसऱ्या पायरीचेच; निव्वळ विझर्ड तोवर चौथ्या पायरीवर. कागदावर हेवा वाटतो, लढाईत कीव येते.

*

रेंजरने मृतात्मे हा आपला खास शत्रू निवडला की त्याने डीएमकडे एक मागणी नोंदवली. डीएमने मोहीम समुद्रावर नेली तर दोष कोणाचा? माझ्या मते डीएमचा. साध्या फायटरचं बरं असतं, तो असं काही मागत नाही. पण म्हणूनच त्याच्यासाठी मुद्दाम काही रचलंही जात नाही.

*

‘वॉरहॅमर फँटसी रोलप्ले’ (१९८६) हाच प्रश्न उलटा धरतो. तिथे सुरुवातीचा पेशा फाशांवर ठरतो, पुढे त्यातून दुसऱ्या, वरच्या पेशांत जाता येतं. आणि सुरुवातीच्या पेशांत कोण? उंदीर पकडणारा. त्याच्या सामानात काठीला टांगलेले मेलेले उंदीर आणि एक लहानसा पण खुनशी कुत्रा. हे पात्र कमकुवत आहे, पण त्याला सपक कोण म्हणेल? कुठल्या गल्लीतून आला, त्याच्या अंगाला वास कसला येतो, सराईत त्याला कुठे बसवतात, सगळं समोर उभं राहतं. डंजन्सच्या जगात ‘साधा’ म्हणजे तपशील नसलेला असं आपण धरून चाललो. या इंग्रज मंडळींनी साध्यालाच तपशील दिला आणि वर चढण्याची ओढ त्याच्या गरिबीतून आणली. उंदीरवाल्याला वरचा पेशा हवा असतो, कारण त्याला उंदरांचा कंटाळा आलेला असतो. अमुक लेव्हलला अमुक फायदा हे कारण त्यापुढे फिकं वाटतं.

‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ (२०१०) मध्ये साधा कोणी नाहीच. प्रत्येक प्लेबुक, म्हणजे पात्राचा तयार साचा, खास, आणि एका टेबलावर ते एकाकडेच. भांडण मिटलं.

*

डंजन्सच्या पाचव्या आवृत्तीने (२०१४) तडजोड केली: बारा क्लास, खासपणा सबक्लासमध्ये. क्लेरिक, सॉर्सरर, वॉरलॉक पहिल्या लेव्हललाच निवडणार, विझर्ड, ड्रुइड दुसऱ्या, बाकीचे तिसऱ्या. २०२४च्या हँडबुकात सगळ्यांनाच तिसरी लेव्हल. त्यावर लोक कुरकुरतात की वॉरलॉकचा करार पहिल्याच लेव्हलला झालेला, शक्ती मिळालेली, पण मालक कोण ते तिसऱ्या लेव्हलला ठरणार, हे कसं? डीएम म्हणून मला हे चालतं. करार झाला आहे आणि समोर कोण आहे ते खेळाडूलाही माहीत नाही. पहिल्या दोन लेव्हलचं साहस आयतंच मिळालं.