हनुवटी टेकायला पाऊल

आत्या गेली आणि तेराव्यानंतर मळ्यातल्या घराला कुलूप लागलं. वावर वाट्याने द्यायचं ठरलं, म्हैस शेजाऱ्यांनी नेली, भांडीकुंडी ज्याची त्याने उचलली. राहिली चिंगी.

हातभर अंगाची ती. आई गावठी, बाप कुणाचा तरी पॉमेरियन असावा. तांबूस झुलपं, झुपकेदार शेपूट, आणि उभ्या कानांपैकी एकाचं टोक दुमडलेलं. ओसरीवर कुणीही टेकलं की जवळ येऊन त्याच्या पावलावर हनुवटी ठेवायची आणि डोळे मिटायची. पोस्टमन असो, मीटरचं रीडिंग घेणारा असो की ऊसतोडीची बाई असो, पाऊल तिला सगळ्यांचंच चालायचं. यजमानांच्या माघारी एकट्या राहिलेल्या आत्याला तेवढं वजन पायावर हवं असायचं.

नारायणगावच्या मळ्यांत कुत्रं पाळायचं म्हणजे बिबट्याच्या हिशेबाने पाळायचं. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, पाटाला पाणी आलं आणि बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. वर्षभर हलत नाही, आत माणूस शिरत नाही, अशा उसात बिबट्याची मादी विते. तोडणीला पिल्लं सापडतात. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांची विष्ठा तपासली, तेव्हा त्यांच्या खाण्यात सगळ्यांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. आमच्याकडे ते वाचून कळावं लागत नाही. सकाळी दारात नुसती साखळी उरलेली असते.

म्हणून आत्या दिवेलागणीलाच चिंगीला आत घेऊन कडी लावायची. रात्रीची लाईट असली आणि भावकीतलं कुणी पाणी धरायला निघालं, तरी चिंगी आतच. एकदा कुणीतरी खिळ्यांचा पट्टा आणून दिला. तो घालून ती नेहमीसारखी पावलावर टेकायला आली, तर खिळे आत्यालाच टोचले. आत्याने पट्टा काढून खुंटीला अडकवला तो कायमचाच.

मी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहते. सकाळी कुलूप लावते ते रात्री उघडते. तिथे चिंगीचं काय झालं असतं ते मला दिसत होतं. मग विचारत फिरले. टोमॅटोच्या बाजारात एका व्यापाऱ्याला गाळ्याच्या राखणीला अंगावर धावून जाणारं कुत्रं हवं होतं. एका पोल्ट्रीवर शेडबाहेर साखळी तयारच होती. चिंगीला सगळ्यांनी कुरवाळलं, ‘लाघवी आहे हो’ म्हणाले. ‘रात्री कुठे झोपेल?’ असं विचारलं की उत्तर यायचं, ‘बाहेरच की!’ त्यांचं चुकत नव्हतं, गावाकडे कुत्रं बाहेरच असतं. पण अंधारात काही हललं तर दुसरं कुत्रं भुंकेल, पळेल. चिंगी शेपूट हलवत पुढे जाईल. जिच्यावर आत्याने माया केली, तिला आत्याने भीती शिकवलीच नव्हती. मला मायेइतकीच कडीही शोधायची होती.

ती मंचरला सापडली. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर आणि त्यांची बायको. भिंतीला भिंत लागलेली घरं, आतल्या बाजूला चौक. चहा देता देता त्या काकूंनीच विचारलं, ‘‘रात्री कुणापाशी झोपायची गं ही?’’ मला पुढे काही विचारावंसं वाटलं नाही.

मी रेबीजच्या लशीचं कार्ड दिलं. मालकाच्या रकान्यात आत्याचं नाव होतं. काकांनी चष्मा लावून ते वाचलं आणि म्हणाले, ‘‘खोडत नाही हं. खाली माझं लिहितो.’’ एवढ्यात चिंगी त्यांच्या पावलावर टेकलीसुद्धा होती. वारूळवाडीचा फाटा येईपर्यंत मी एसटीत रडत होते. आत्याला पोहोचवून आल्यावर इतकी रडले नव्हते. तेव्हा पाहुण्यांचं जेवण बघायचं होतं.

आठवड्याने काकूंचा फोन आला. खाते-पिते, पण तिन्हीसांजेला आत येत नाही, दाराशी बसून राहते. ‘‘तुझी आत्या काय म्हणून हाक मारायची तिला?’’ आत्या हाक मारायची नाही. जर्मनच्या ताटात भाकरी कुस्करून ते ताट उंबऱ्यावर दोनदा आपटायची. वाटणीत ते पोचे पडलेलं ताट कुणीच घेतलं नव्हतं, म्हणून मी पुण्याला आणलं होतं. रविवारी ते पिशवीत घालून मंचरला निघाले.