कोपऱ्यातला ऑटोकॅड

आमच्या ऑफिसात त्याला कुणी पूर्ण नावानं हाक मारत नाही. खोक्यावर ऑटोकॅड २००८ असं छापलेलं आहे, पण सगळे म्हणतात 'आठ'. "आठवर उघडून बघ", "आठला विचार", "आठमध्ये असेल ते". प्लॉटरच्या शेजारी, खिडकीकडे पाठ करून ठेवलेल्या एक्सपीच्या मशीनवर त्याचा मुक्काम आहे. एप्रिल २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सपीला सुरक्षेचे अपडेट देणं थांबवलं, तेव्हा आम्ही त्या मशीनची नेटची वायर काढली. बाहेरच्या जगाशी त्याचा संबंध आता एका पेनड्राइव्हपुरता.

चेहरा राखाडी. वर मेनूची एक ओळ, दोन्ही कडांना छोट्या चित्रांचे पट्टे, मध्ये काळं मोकळं मैदान आणि तळाशी कमांड लाइन. तो बोलतो ते तळाशीच. 'एल' दाबून स्पेसबार मारला की पहिला बिंदू विचारतो. तो दिला की पुढचा. विचारतो तेवढंच, स्वतःहून काही सुचवत नाही, मध्येच काही दाखवायला येत नाही. भिंतीची जाडी, दाराची रुंदी, कॉलमचा मध्य हे आपल्या डोक्यात चालू असतं आणि तो गप्प राहतो. चांगल्या सहकाऱ्याचा हा गुण मला फार मोठा वाटतो.

त्याची खरी जोडी आमच्या ड्राफ्ट्समन काकांशी. काका मूळचे ड्रॉइंग बोर्डावरचे. गेटवे ट्रेसिंग, मिनी ड्राफ्टर, रॉटरिंगची पेनं, चुकलेली रेघ ब्लेडनं खरवडून काढायची आणि शेवटी अमोनिया प्रिंट, त्या काळात त्यांचा हात तयार झाला. आठवर त्यांचा डावा हात कीबोर्डवरून उठत नाही आणि उजवा माउसवरून. एफ-३, एफ-८ कडे ते बघतही नाहीत. टीआर, एंटर, पुन्हा एंटर, आणि वाढलेल्या रेघा छाटल्या जातात. कॉलमना क्रमांक देणारी एक छोटी लिस्प फाइलही त्यांनीच कधीतरी लिहिली. ती फाइल लोड झाली की अख्ख्या इमारतीचे कॉलम सी-१ पासून पुढे आपोआप नंबर घेतात.

घराणं कॅलिफोर्नियाचं. जॉन वॉकर आणि त्यांच्या सोबत्यांनी १९८२ साली ऑटोडेस्क काढली, माइक रिडल यांनी लिहिलेला प्रोग्रॅम पायाला घेतला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात लास व्हेगासच्या कॉमडेक्स प्रदर्शनात ऑटोकॅड लोकांपुढे मांडला. तेव्हापासून पिढ्या येत गेल्या, आणि प्रत्येक पिढीबरोबर 'घ्यावा की थांबावं' हा प्रश्नही. १९९४ ची तेरावी आवृत्ती दोषांसाठी बदनाम झाली. पुष्कळ ऑफिसांनी बारावीवरच दम धरला आणि १९९७ मध्ये चौदावी आल्यावर थेट तिच्याकडे गेली. म्हणजे थांबण्यातही शहाणपण असतं, हे या व्यवसायाला जुन्या अनुभवानं ठाऊक आहे. आमचा आठ त्या घराण्यातला जुन्या वळणाचा शेवटचा. त्याच्या पुढच्या, २००९ च्या आवृत्तीत वरच्या मेनूच्या जागी रिबन आली. २०१५ च्या आवृत्तीत तर जुनी मांडणी निवडायची सोयही काढली गेली.

आठची किंमत मला सर्वांत जास्त कळली ती २०१९ साली. त्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीच्या गावभागात शिरलं आणि कितीतरी घरं दिवसेंदिवस पाण्यात उभी राहिली. पाणी उतरल्यावर लोक ऑफिसात यायला लागले. फुटिंग किती खोल आहे, प्लिंथ बीम कुठून गेला आहे, मागची भिंत भार घेते की नुसती आडोशाची आहे? घरातल्या प्रिंटचा लगदा झालेला. आठनं एकेक फाइल उघडून दिली. जशी काढली तशी: तीच हॅच, तेच लेयर, कोपऱ्यात मराठीत लिहिलेलं मालकाचं नाव आणि सिटी सर्व्हे नंबर. एक वयस्कर मालक स्क्रीनसमोर बसून राहिले आणि म्हणाले, "म्हणजे घर इथं तरी आहे." इमारतीचं आयुष्य पन्नास वर्षांचं धरतो आपण. तिचं ड्रॉइंगही तेवढं टिकायला हवं, ही अपेक्षा अवाजवी नाही.

आणि नेमकी इथंच त्याची उणीव सुरू होते. डीडब्ल्यूजी हे फाइलचं नाव तेच राहिलं, पण आतली लिपी बदलत गेली: २०००, २००४, २००७, २०१०, २०१३, २०१८. आठला २००७ पर्यंतची येते. पुण्याहून आरसीसी कन्सल्टंटची नवी फाइल आली की 'फाइल व्हॅलिड नाही' एवढं सांगून तो थांबतो. मग फोन: "साहेब, सेव्ह अ‍ॅज करून २००७ मध्ये पाठवा ना." समोरचा पाठवतो, दुसऱ्यांदाही पाठवतो, तिसऱ्यांदा त्याच्या आवाजात कंटाळा ऐकू येतो. पीडीएफ काढून देणं आठला जमतं, पण आलेली पीडीएफ खाली अंथरून तिच्यावर काम करणं जमत नाही. ते २०१० च्या आवृत्तीत आलं. ड्रोनच्या सर्वेक्षणातली कंटूरची जड फाइल दिली तर त्याची बत्तीस बिटांची स्मरणशक्ती भरून जाते आणि तो बंद पडतो. त्यात त्याचा दोष नाही. त्याच्या वेळी एवढं ओझं कुणी त्याच्या पाठीवर टाकत नव्हतं.

नवा मी नीट बसून पाहिला. रिबन, गडद राखाडी पार्श्वभूमी, उघडल्याबरोबर लॉग-इन. तो विकत मिळत नाही, भाड्यानं मिळतो. २०१६ पासून कंपनीनं कायमच्या परवान्यांची विक्री थांबवली. दर तीस दिवसांत एकदा तरी नेटवर येऊन त्याला हजेरी लावावी लागते. ही भाडेपद्धत मला मान्य नाही आणि मी ते स्पष्टच सांगतो. लहान गावातल्या लहान ऑफिसचं उत्पन्न पावसाळ्यात आटतं, भाडं आटत नाही. तरी त्याच्या कामाला नावं ठेवता येणार नाहीत. एकाच ड्रॉइंगच्या जुन्या-नव्या फायली एकमेकींवर ठेवून काय बदललं ते तो रंगात दाखवतो; ही सोय २०१९ च्या आवृत्तीपासून आहे. साइटवर चुकीची रिव्हिजन जाऊन कॉलम सरकलेला ज्यानं पाहिला आहे, त्याला या एका सोयीचं मोल समजावून सांगावं लागत नाही. २०२२ च्या आवृत्तीपासून तो दारं-खिडक्यांचे ब्लॉक मोजूनही देतो, म्हणजे एस्टिमेटला बसताना बोट लावून मोजणं संपलं.

काकांना विचारलं, "नवीन घ्यायचा का?"

"घ्या की. पण टीआर दाबल्यावर मला दोनदा एंटर मारू द्या. हा लगेच कापायला धावतोय."

ते खरं होतं. २०२१ च्या आवृत्तीपासून ट्रिमची रीत बदलली आहे. पण ट्रिम-एक्स्टेंड-मोड नावाचं एक व्हेरिएबल शून्य केलं की जुनी रीत परत येते. ते केलं, लिस्प फाइल लोड केली आणि काकांनी चाचणीसाठी एक जुना प्लॅन घेतला. कॉलम सी-१ पासून ओळीनं नंबर घेत गेले. काका काही बोलले नाहीत, त्यांनी खुर्ची पुढे ओढली. हाताची सवय ही नवं घेण्यातली अडचण मानली जाते. माझ्या पाहण्यात तरी ती सगळ्यांत आधी सुटली.

अडलं ते दुसरीकडे. त्याच प्लॅनमधलं मराठी नव्या मशीनवर अगम्य चिन्हांचं झालं, कारण ते युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं आणि तो फॉन्ट तिथं नाही. प्रिंट काढली तर भिंतीची रेघ आणि मापाची रेघ सारख्याच जाडीची, कारण रेघांच्या जाड्या ठरवणारी सीटीबी फाइल आठच्या मशीनवर राहिली. आणि हे मशीन किती दिवस चालेल? जुन्या आवृत्त्यांचे अ‍ॅक्टिव्हेशन कोड कंपनी आता देत नाही. हार्ड डिस्क गेली तर खोकं, डीव्हीडी, सीरियल नंबर, बिल सगळं हातात असूनही आठ पुन्हा उभा राहणार नाही. हे समजलं तेव्हा निर्णयाचं स्वरूपच बदललं. रिबन आवडते की नाही, भाडं किती, हे मागे पडलं. लोकांची घरं आपल्यापाशी आहेत आणि ती एका थकलेल्या मशीनच्या भरवशावर आहेत, एवढंच समोर उरलं.

म्हणून नवा घ्यायचं ठरलं आहे, आणि त्याच्या आधी आठकडून एक काम करून घेणं सुरू आहे. त्याच्याकडे ई-ट्रान्समिट नावाची कमांड आहे. ती ड्रॉइंगबरोबर त्याच्या एक्सरेफ, एसएचएक्स फॉन्ट आणि सीटीबी गोळा करून एक गठ्ठा बांधून देते. श्रीलिपीसारखे ट्रूटाइप फॉन्ट ती घेत नाही, ते हातानं ठेवावे लागतात. प्रत्येक कामाचा असा एक गठ्ठा आणि त्याची पीडीएफ, दोन वेगळ्या डिस्कवर. सुरुवात गावभागातल्या घरांपासून केली आहे. दुपारी काम नसलं की काका आठसमोर बसतात आणि एकेक फाइल बांधून घेतात. आठ अजून एकदाही अडखळलेला नाही.

तुमच्याही ऑफिसच्या कोपऱ्यात असा कुणी बसलेला असेल. नवा घ्यायचा की नाही हे तुम्ही सावकाश ठरवा, पण त्याच्या पोटातली ड्रॉइंग, फॉन्ट आणि सीटीबी याच महिन्यात बाहेर काढा. तो चालू आहे तोवरच ते शक्य आहे.