सुताचा हिशेब

वर्ध्याच्या मगन संग्रहालयात गेले ती एम.ए.च्या विद्यार्थिनींसोबत. यवतमाळहून वर्धा तसे शेजारीच. तरी इतकी वर्षे तेथे जाणे झाले नव्हते. मगनलाल गांधी १९२८ मध्ये गेले. त्यांच्या स्मरणार्थ ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते या संग्रहालयाचे उद्घाटन झाले. खादी आणि ग्रामोद्योग हा त्याचा विषय.

दालनात नाना घडणीचे चरखे. आमच्यातली एक मुलगी एका चरख्यापाशी बराच वेळ उभी राहिली. तिच्या घरी कपाशीची शेती. दिवाळीच्या सुट्टीत ती स्वतः वेचणीला जाते. म्हणाली, "मॅडम, लहानपणापासून कापूस वेचते मी, पण त्याचं सूत होताना कधी पाह्यलं नाही." आमच्या जिल्ह्याचा कापूस एकेकाळी शकुंतला रेल्वेने मूर्तिजापूरला, तेथून मुंबईला आणि पुढे मँचेस्टरला जात असे. हा तुटलेला दुवा सांधण्याचा प्रयत्न म्हणजे चरखा, असे मी वर्गात अनेकदा सांगितले आहे. तिच्या वाक्यापुढे ते सारे पुस्तकी वाटले.

मला मात्र तेथे आई आठवली. दुपारची भांडी आवरली की ती क्रोशाची सुई घेऊन बसे. पांढऱ्या दोऱ्याची लेस, रुमाल, तोरणे. घरात सारे त्याला रिकामपणचा उद्योग म्हणत. मीही म्हणत असे. पुढे आंध्रातील नरसापूरच्या लेस विणणाऱ्या स्त्रियांवरचे मारिया मीझ यांचे १९८२ चे पुस्तक वाचले. त्या बायका जगाच्या बाजारासाठी विणत. तरी त्यांना कामगार न मानता फावला वेळ घालवणाऱ्या गृहिणी समजले जाई. मी समासात खुणा केल्या. आईच्या सुईशी त्याचा संबंध काही जोडला नाही. आई तेव्हा हयात होती. हा नमुना कोणाकडून शिकलीस, एका रुमालाला किती दुपारी लागतात, एवढे तरी विचारता आले असते.

घरी येऊन ट्रंकेतला तिचा एक रुमाल काढला. एका कडेला वीण उसवली आहे. ती सांधणे मला येत नाही.

परवा त्या विद्यार्थिनीला तो दाखवला. तिने उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "माझ्या आजीला येतं हे. नेऊ का?"

म्हटले, "ने. पण आजी दुरुस्त करतील तेव्हा जवळ बस. आणि त्या काय काय सांगतात, ते लिहून आण."