वेताळ कपाटात गेला

म्हैसूरसारख्या गावात मराठी मुलांना मराठी वाचायला कोण शिकवणार? शाळा कन्नड, गल्ली कन्नड. आम्हा भावंडांच्या बाबतीत ते काम वेताळाने केले. बेळगावच्या आत्याने दिलेली इंद्रजाल कॉमिक्स घरात होती. १९६४ साली सुरू झालेली ही मालिका १९९० मध्ये बंद पडली, त्यामुळे आमच्या हाती आली ती दहा जणांनी वाचलेलीच. मुखपृष्ठ गायब, पाने डिंकाने चिकटवलेली! शेजारची मुले चित्रे बघत, आम्ही गोष्ट सांगत असू. बदल्यात त्यांची कन्नड ‘अमर चित्रकथा’ मिळे. तिचे जनक अनंत पै कारकळचे, म्हणजे कर्नाटकातलेच. त्याचा त्यांना कोण अभिमान!

तेव्हा कॉमिक्स फिरवायची असत, आता जपायची असतात. जुन्या अंकांना हौशी संग्राहक शेकडो रुपये मोजतात, पण पान दुमडलेले चालत नाही. माझ्या धाकट्या भावाने उरलेले एकोणीस अंक प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून कपाटात कुलूपबंद केले आहेत. इकडे माझ्या आठ वर्षांच्या लेकीला मोबाइलवर हवी तेवढी इंग्रजी कॉमिक्स मिळतात; मराठी मात्र अक्षरे जुळवत वाचावे लागते.

मागच्या दिवाळीत त्याच्याकडे दोन अंक मागितले.

“ताई, पान फाटलं तर किंमत जाते गं,” तो म्हणाला.

जाते, हे खरेच. तरी हट्टाने घेऊन आले. एकावर आता आमटीचा डाग पडला आहे आणि लेक ‘कवटी’ हा शब्द न अडखळता वाचते. भावाला डागाचे अजून सांगितलेले नाही.