मेंदूची भूक

उरणची लोकल जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली. त्या गाडीचा विषय निघाला की आम्हांस एक पहाट आठवते. शेजारी आमच्या धर्मग्रामातील एक माउली बसली होती आणि तिच्या मांडीवरील पिशवीत मुलाचे वैद्यकीय अहवाल होते. बेलापूरला गाडी बदलून खारघरच्या कर्करोग रुग्णालयात जायचे होते. मुलगा बारावीतला, त्याच्या मेंदूत गाठ निघाली होती. वाटेत ती हळूच म्हणाली, “फादर, रात्र रात्र गणिते सोडवून तर त्याचे डोके झिजले नसेल ना?”

त्याला गणिताचा नाद लावणारे आम्हीच. रविवारच्या मिस्सेनंतर त्याच्या वह्या तपासण्यात आम्हांस केवढा आनंद वाटे! तिच्या प्रश्नास आम्ही त्या दिवशी उत्तर दिले नाही.

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान पुष्कळ शिकलो, शरीराविषयी मात्र फारच थोडे. त्या दिवसापासून मिळेल ते वाचू लागलो, आणि वाचता वाचता लुई सोकोलॉफ या अमेरिकन शास्त्रज्ञाचा परिचय झाला. मेंदूचे वजन शरीराच्या अवघे दोन टक्के, परंतु तो प्राणवायू खातो सुमारे वीस टक्के. ही भूक जिवंत माणसात मोजण्याची रीत सेमूर केटी यांनी बसविली होती. तीच वापरून सोकोलॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना मनातल्या मनात अंकगणित करावयास लावले आणि मेंदूचा एकूण खर्च मोजला. तो वाढलाच नाही!

सोकोलॉफ तिथे थांबले नाहीत. एकूण हिशेब तोच राहिला, तरी आतल्या एखाद्या कोपऱ्यात खर्च वाढत असेल. तो कसा दिसावा? यासाठी त्यांनी साखरेचे एक फसवे रूप वापरले, डीऑक्सिग्लुकोज. भुकेली पेशी ते साखर समजून आत घेते, परंतु पुढे पचवू शकत नाही. करंज्याच्या डोलकरांना हे सांगावे लागणार नाही; डोलीत शिरलेला मासा मागे फिरत नाही. जिथे साठा अधिक, तिथे भूक अधिक. ही पद्धत १९७७ साली सविस्तर प्रसिद्ध झाली. उत्तरापर्यंत पोहोचण्यास बावीस वर्षे लागली. तत्पूर्वीच, ऑगस्ट १९७६ मध्ये, त्याच साखरेला किरणोत्सारी फ्लोरीन जोडून ती माणसास प्रथम टोचण्यात आली. ते फ्लोरीन एकशे दहा मिनिटांत निम्मे होते, म्हणून ब्रुकहेवन येथे बनविलेली मात्रा विमानाने तातडीने फिलाडेल्फियास नेली होती. साखरेच्या या रूपाने होणाऱ्या आजच्या पेट स्कॅनचा हा आरंभ.

गाठीही साखरेच्या भुकेल्या असतात, हे ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकातच दाखविले होते. मेंदूतील गाठ जितकी उग्र, तितकी तिची साखरेची भूक मोठी, असे १९८२ साली जोव्हानी दि किरो व सहकाऱ्यांना पेट स्कॅनमध्ये आढळले. परंतु इथे एक विलक्षण अडचण आहे. निरोगी मेंदूच इतका खादाड की चित्रात तो सगळाच उजळतो आणि त्या उजेडात गाठ लपून राहू शकते. म्हणून मेंदूसाठी पुष्कळदा साखरेऐवजी अमिनो आम्लाचा माग काढतात; निरोगी मेंदू ते कमी घेतो आणि गाठ उठून दिसते. हे वाचताना, सूर्यप्रकाशात समई शोधणाऱ्याची आम्हांस आठवण झाली.

सोकोलॉफ २०१५ साली वारले. त्यांच्या अंकगणिताच्या प्रयोगाची हकिकत आम्ही त्या माउलीस पुढच्या खेपेस गाडीतच सांगितली. गणिताने गाठ होत नाही, हे डॉक्टरांनीही सांगितल्याचे बजावले. तिने सारे शांतपणे ऐकून घेतले. खारकोपर मागे पडले. मग ती म्हणाली, “बरे झाले, फादर. एक ओझे उतरले. पण दिवाळीपासून त्याचे डोके दुखत होते ना, तेव्हा तुम्ही म्हणालात, अभ्यास टाळायची सबब आहे.”

आम्ही तसे म्हणालो होतो. तिच्या हातातली अहवालांची पिशवी आम्ही आमच्याकडे घेतली आणि बेलापूर येईपर्यंत ती धरून बसलो.