दालचिनीची गोडी

आजोळी, राजापूरजवळ, विहिरीच्या कडेला दालचिनीचं झाड होतं. पाऊस ओसरला की आजोबा त्याच्या अंगठ्याएवढ्या फांद्या तोडत. वरची खरबरीत साल खरवडून, सुरीनं उभी चीर देऊन आतली साल अलगद सोडवत. ओली असताना ती पट्टीसारखी सपाट असे. सुपात घालून सावलीत ठेवली की वाळता वाळता आपोआप वळायची आणि तिची सुरळी व्हायची. आम्ही पोरं उरलेले तुकडे चघळत बसायचो. आधी जिभेवर गोडवा यायचा, मग हळूच तिखटपणा.

आजी मात्र दालचिनी गोडात कधी घालत नसे. गोडाला वेलची, नाहीतर जायफळ. दालचिनी मटणाच्या वाटपात, पुलावात, सर्दीच्या काढ्यात. लग्न होऊन पुण्याला आले, तिथे सासूबाईंच्या गोड्या मसाल्यात ती पुन्हा भेटली. नाव गोडा, पण जाणार आमटीत आणि भरल्या वांग्यात. दालचिनीला साखरेशेजारी बसवायचं माझ्या कधी मनातही आलं नाही.

लेक कॅनडात शिकायला गेली आणि मी तिच्याकडे राहायला गेले, तेव्हा एका थंडगार सकाळी तिनं माझ्या हातात कागदाची पिशवी दिली. आत दालचिनी-साखरेत घोळवलेला गरम डोनट. पहिल्या घासाला मी थबकले. आधी गोड, मग हळूच तिखट. विहिरीची कड, आजोबांचे हिरवट झालेले हात, सगळं समोर उभं राहिलं.

आता नातू येतो तेव्हा मी एअर फ्रायरमध्ये त्या डोनटचे छोटे गोळे करते. पहिल्यांदा गुलगुल्यांसारखं सैल पीठ घातलं, ते जाळीतून खाली ओघळलं. कढईत गरम तेल पिठाला चहूबाजूंनी धरतं; इथे नुसता गरम वारा फिरतो, त्याला काही सावरता येत नाही. म्हणून पीठ आपला आकार धरणारं हवं. एक वाटी मैदा, दीड चमचा बेकिंग पावडर, दोन चमचे साखर, चिमूटभर मीठ आणि मावेल तसा, साधारण पाऊण वाटी, श्रीखंडाला करतो तसा चक्का. मऊ गोळा मळायचा, सुपारीपेक्षा थोडे मोठे गोळे वळायचे, वरून किंचित लोणी लावायचं. 180 अंशांवर सात-आठ मिनिटं, मध्ये एकदा हलवून.

दालचिनी आधी लावायची नाही. करपली की कडवट होते. गोळे बाहेर काढल्याबरोबर पातळ केलेल्या लोण्यात बुडवायचे आणि लगेच साखरेत घोळवायचे. तळलेल्याच्या अंगाला तेल असतं, ते साखर धरतं. इथे ते काम लोणी करतं. चार चमचे साखरेला एक चमचा ताजी कुटलेली दालचिनी. ऊब लागताच घरभर वास सुटतो आणि नातू ओट्याशी येऊन उभा राहतो.

या सगळ्यात लबाडी चालत नाही ती दालचिनीची. बाजारात बहुतेक वेळा मिळते ती कॅसिया: जाड, कडक, एकाच पदराची, चवीला उग्र. खरी दालचिनी मूळची श्रीलंकेची; तिचे कागदासारखे पातळ पदर एकात एक गुंडाळलेले असतात आणि बोटांनी सहज मोडतात. ती आपल्या कोकणातही पिकते. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं तिची ‘कोकण तेज’ नावाची जातही काढली आहे.

आजीला हे गोळे खायला घालायचे राहून गेले, याची मला फार हळहळ वाटते. तिच्या परसातली साल मुळातच गोड होती. आम्हा पोरांना ते ठाऊक होतं, स्वयंपाकघराला नव्हतं.

पुढच्या वेळी दालचिनी घ्याल तेव्हा भुकटीचं पाकीट घेऊ नका. पातळ पदरांची काडी मागा, एक तुकडा मोडून जिभेवर ठेवा. आधी गोड लागली, तर ती घरी आणा.