ऑरलँडोतील दोन रांगा

फ्लोरिडातील ऑरलँडोजवळच्या मॅजिक किंगडममध्ये मोटार थेट दारापर्यंत जात नाही. वाहनतळ सरोवराच्या अलीकडे आहे. पलीकडे फेरीबोटीने किंवा मोनोरेलने जावे लागते. बोटीच्या कठड्याशी हजार डॉलर सहज खर्चणारा आणि वर्षभर पै-पै साठवून आलेला असे दोघेही शेजारी उभे असतात. मुले पाण्यापलीकडच्या सिंड्रेलाच्या महालाकडे बोट दाखवतात. महाल ओलांडून मागच्या फॅन्टसीलँडमध्ये शिरले की हे सारखेपण संपते.

तेथील ‘पीटर पॅन्स फ्लाइट’ ही ऑक्टोबर १९७१ पासूनची सौम्य सफर. वरून टांगलेल्या छोट्या जहाजात बसून रात्रीच्या लंडनवरून तीनेक मिनिटे तरंगत जायचे, एवढेच. उंचीची अट नसल्याने आजीपासून नातवापर्यंत सर्वांना बसता येते. जहाजे लहान, माणसे फार. म्हणून रांग हलता हलत नाही. दारे मात्र दोन आहेत. एका दारावर प्रतीक्षेची मिनिटे झळकतात. दुसऱ्या दाराशी खांब आहे; त्याला तिकीट टेकवले की मिकीच्या आकाराचा हिरवा दिवा लागतो आणि मंडळी आत जातात. दोन्ही रांगा पुढे जेथे मिळतात तेथे एक कर्मचारी उभा असतो. तो दुसऱ्या दाराने आलेल्यांना भराभर सोडतो, मग पहिल्या रांगेतील थोड्यांना. तासभर मूल कडेवर घेऊन उभ्या असलेल्या आईला ते स्पष्ट दिसते. ‘आपण आधी आलो होतो ना?’ या मुलाच्या प्रश्नाला तिने काय उत्तर द्यावे?

हे दुसरे दार १९९९ मध्ये उघडले, तेव्हा ते विनामूल्य होते. यंत्रातून फास्टपास नावाची चिठ्ठी निघे आणि तिच्यावर परत येण्याची वेळ छापलेली असे. बँकेतल्या टोकनासारखीच ती सोय: टोकन घ्यावे, तोवर दुसरे काम उरकून यावे. लवकर येणाऱ्याला लाभ अधिक होई, पण लवकर उठायला पैसे पडत नाहीत. २०२० मध्ये साथीमुळे उद्यान बंद झाले, त्यानंतर ती सोय परतली नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिच्या जागी जिनी प्लस आली, माणशी दिवसाला १५ डॉलर. पुढे दिवस व गर्दी पाहून दर बदलू लागला. २०२४ मध्ये तिचे नाव लाइटनिंग लेन मल्टी पास झाले आणि त्याच वर्षी प्रीमियर पासही आला. त्यात वेळ आधी ठरवावी लागत नाही. प्रत्येक सफरीला एकदा, वाटेल तेव्हा जावे. मॅजिक किंगडमसाठी त्याचा आरंभीचा दर ३२९ ते ४४९ डॉलर होता, प्रवेशाचे तिकीट वेगळे. मुलांनाही तोच दर. चौघांच्या कुटुंबाला किमान दरानेही १,३१६ डॉलर.

व्यापारी माणसाला दोन दर खटकत नाहीत, खटकूही नयेत. भारी शालू विकला गेला म्हणून साध्या सुती साडीचा पोत विरत नाही. येथे मात्र जहाजे तेवढीच आहेत. दुसऱ्या दाराने विकलेली प्रत्येक जागा पहिल्या दाराशी उभ्या असलेल्याच्या वाट्यातून जाते, आणि त्यानेही प्रवेशाचे पैसे मोजलेलेच असतात. शिवाय रांग मोकळी असेल तर पास घेणार कोण? रांग जितकी लांब तितका हा माल महाग. ती आखूड करण्यात विक्रेत्याचाच तोटा आहे.

तरीही सातासमुद्रापार एकदाच जाणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या आजोबांना सोबत नेलेल्या कुटुंबाने पास घेतला तर त्याला दोष कसा द्यावा? मात्र आधी फुकटच्या सोयी पाहाव्यात. दार उघडताच पोहोचल्यास पहिला तास बराच मोकळा मिळतो. उंचीची अट असलेल्या सफरींना ‘रायडर स्विच’ मागता येते: एक पालक तान्ह्याजवळ थांबतो, नंतर त्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. घरचा कोरडा खाऊही आत नेता येतो, तेवढीच रांगेत सोबत.

रात्री महालावर आतषबाजी होते. तीसुद्धा आता मिष्टान्नासह राखीव जागेवरून पाहता येते. रस्त्यावर उभे राहिल्यास वेगळे पैसे पडत नाहीत. मग गर्दी परतीला लागते. फेरीबोटीच्या धक्क्यावर झोपलेली मुले खांद्यावर घेऊन दोन्ही दारांचे प्रवासी एकाच बोटीची वाट पाहत उभे असतात.